अक्कांचे तीन प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयातून पुस्तक घेणं सोपं होतं. परत करणं अवघड होतं.

घेताना काय, वहीत सही केली की झालं. पण परत करायला गेलात की अक्का ते पुस्तक टेबलावर ठेवून घ्यायच्या, त्यावर तळहात दाबून धरायच्या आणि चष्म्याच्या वरून बघत तीन प्रश्न विचारायच्या. तिन्ही उत्तरं बरोबर आली तर पुस्तक जमा. एक जरी चुकलं तरी पुस्तक तुमच्याकडे सरकवून म्हणायच्या, "घरी ने. नीट वाच. मग ये."

अक्का म्हणजे तिथल्या ग्रंथपाल. साठीच्या आसपासच्या, उंच, काटकुळ्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि डाव्या हाताच्या बोटाला कायम लाल शाई. त्या कधी ओरडायच्या नाहीत. कुजबुजायच्या. पण ती कुजबुज अशी होती की बाहेर रिक्षा लावून बसलेला माणूससुद्धा मोबाइलचा आवाज कमी करायचा.

पुस्तक परत आलं की त्या आधी त्याचा वास घ्यायच्या. "हे भरीत करताना वाचलंय," म्हणायच्या. किंवा "हे गोठ्यात वाचलंय, पण मन लावून वाचलंय." पुस्तकात सापडलेल्या खुणांसाठी त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्यात एसटीची तिकिटं, केसांच्या पिना, उदबत्तीची पाकिटं आणि अर्धा भाजलेला पापड होता. पापडावर चिठ्ठी होती: 'मालकाने ओळख पटवून न्यावा.'

एकदा एका कवितासंग्रहात त्यांना प्रेमपत्र सापडलं. एका मुलाने एका मुलीला लिहिलेलं. दुसऱ्या कुणी ते फाडलं असतं, नाहीतर घरी कळवलं असतं. अक्कांनी लाल शाईने त्यातल्या सतरा चुका सुधारल्या, खाली 'भावना चांगल्या, ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्यावे' असं लिहिलं आणि पत्र पुन्हा त्याच पानात ठेवून दिलं. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. पत्रिका छापायच्या आधी तपासायला अक्कांकडेच आली होती.

अशा बाईच्या हाताखाली मी एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी काढली.

नववीची परीक्षा संपली होती. शाळेने फर्मान काढलं की दहावीत जाण्याआधी प्रत्येकाने महिनाभर समाजसेवा करून तसा दाखला आणायचा. बाकीच्यांनी झाडं लावायचं ठरवलं. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, आमच्या गावात झाड लावणं म्हणजे झाडावर अन्याय होता. वाचनालयात कूलर आहे असं चेतनने शोधून काढलं. मग चेतन, भाग्यश्री आणि मी, तिघांनी वाचनालयाचं नाव दिलं.

पहिल्या दिवशी अक्कांनी आम्हाला दारातच थांबवलं.

"वाचनाची आवड आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," भाग्यश्री म्हणाली.

"नाही," चेतन म्हणाला. तो खोटं बोलायला जरा उशीर करतो.

अक्का माझ्याकडे वळल्या. मी बोलायला सुरुवात केली. मला वाचन का आवडतं, आमचं मंडप डेकोरेशनचं दुकान कसं आहे, तिथे मी कंटाळा आला की काय वाचते, माझी मामी धुळ्याला असते आणि तिच्याकडे किती पुस्तकं आहेत, असं सगळं सांगत गेले. अक्का घड्याळ बघत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "चार मिनिटं. हिच्याकडे धूळ पुसायचं काम. तोंडावर रुमाल बांधावा लागतो त्या कामाला."

कूलरचंही एक प्रकरण होतं. तो चालू करायचा अधिकार फक्त अक्कांचा. सगळे गप्प बसले की कूलर चालू, कुणी बोललं की बंद. त्यामुळे एखादा नवा माणूस येऊन मोठ्याने "पेपर कुठे शे?" म्हणाला की अख्खं वाचनालय त्याच्याकडे असं बघायचं की बिचारा पेपर न वाचताच निघून जायचा.

आठवडाभरात एक गोष्ट आमच्या लक्षात आली. वाचनालयात नवे सभासद बरेच होते, पण देवघेवीच्या वहीत त्यांच्या नावापुढे एकेकच पुस्तक दिसत होतं. आणि प्रत्येकाचं तेच पुस्तक.

त्याचं कारण तलाठी आप्पा. हे आप्पा निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहायला बसले आणि सहाशे पानांनंतर उठले. दोन भाऊ विहीर खणतात, अशी ती गोष्ट. स्वतःच छापली आणि चाळीस प्रती वाचनालयाला भेट दिल्या. अक्कांनी तेव्हाच नियम केला की नवीन सभासदाला पहिलं पुस्तक हेच मिळेल, आणि ते वाचून परत केल्याशिवाय दुसरं मिळणार नाही. त्यानंतर अडीच वर्षांनी आप्पा वारले. नियम राहिला. एकूण चार वर्षांत एकही नवा सभासद दुसऱ्या पुस्तकापर्यंत पोचला नव्हता.

सगळ्यांत जुने कैदी होते केळीवाले भाऊ. रावेरहून केळी भरून आणून आमच्या बाजारात विकणारे. अंगाने भले थोरले, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांना हवं होतं घोड्यांविषयीचं एक पुस्तक, तिसऱ्या कपाटातलं. त्यासाठी ते सभासद झाले आणि विहिरीत अडकले. दर सोमवारी ते कादंबरी काखेत मारून यायचे.

"अक्का, बठ्ठं वाची टाकं मी." म्हणजे सगळं वाचून झालं.

"बैलाचं नाव काय?"

"ढवळ्या," भाऊ छातीठोकपणे सांगायचे. ते पहिल्याच पानावर होतं.

"वकील कुठल्या गावचा?"

भाऊ टोपी काढून डोकं खाजवायचे. "माले झोप येस वं अक्का. पुस्तक उघडं का डोया मिटतस."

"विहिरीचं शेवटी काय होतं?"

"बरं व्हत असेल," भाऊ म्हणायचे आणि पुस्तक घेऊन परत जायचे.

प्रत्येकाला हेच तीन प्रश्न. बैलाचं नाव, वकिलाचं गाव, विहिरीचा शेवट. दुसऱ्या पुस्तकांना अक्का दर वेळी वेगळे प्रश्न विचारायच्या, या एका पुस्तकाला मात्र कधी बदलायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं, हीही त्यांची शिस्त.

मग एके दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष आले. कूलर बंद होऊ नये म्हणून तेसुद्धा हळू आवाजात बोलत होते. महिनाअखेरीला तपासणीसाठी साहेब येणार होते. वही बघणार, वाचक मोजणार. पुस्तकं फिरत नाहीत असं दिसलं तर वाचनालयाचा वर्ग, म्हणजे ज्यावर सरकारी अनुदान ठरतं तो दर्जा, खाली जाणार.

"वर्ग खाली गेला तर मला हे फक्त सकाळी दोन तास उघडं ठेवता येईल, अक्का," अध्यक्ष म्हणाले. "आणि तेवढ्यासाठी पूर्ण वेळाचा माणूस कसा ठेवणार? निदान त्या कादंबरीचा नियम तरी काढा."

"नाही," अक्का म्हणाल्या.

"अहो, पण का?"

अक्कांनी उठून कूलर बंद केला. अध्यक्ष गेले.

त्या संध्याकाळी अक्कांनी डबासुद्धा उघडला नाही. एरवी पाच वाजले की आतल्या खोलीत जाऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा खायच्या, पुस्तकांना वास लागू नये म्हणून दार लावून. त्या दिवशी नुसत्या टेबलाशी बसून राहिल्या. आम्हाला ते बघवेना. घरी जाताना आम्ही ठरवलं की वाचनालय वाचवायचं. म्हणजे पेपर फोडायचा.

योजना साधी होती. तिघांनी दोनदोनशे पानं वाचायची, तिन्ही उत्तरं काढायची आणि सगळ्या अडकलेल्या सभासदांना गुपचूप पाठवायची. चाळीस पुस्तकं जमा, चाळीस नवी बाहेर, वही भरलेली. चेतनकडे पहिली दोनशे पानं, भाग्यश्रीकडे मधली, माझ्याकडे शेवटची.

चेतनने पहिलं पान वाचून 'ढवळ्या' लिहून दिलं आणि क्रिकेट खेळायला गेला. भाग्यश्रीने प्रामाणिकपणे पानोपानी फक्त 'वकील' हा शब्द शोधत तीनशेव्या पानावर तो गाठला. तो एरंडोलचा निघाला. मी चारशेव्या पानापासून सुरुवात केली. त्याच पानाच्या तिसऱ्या ओळीवर मला झोप लागली. उठले तेव्हा आई जेवायला हाक मारत होती आणि भाग्यश्रीचे सहा मेसेज आले होते. मी विचार केला, विहिरीच्या गोष्टीचा शेवट काय असणार? आणि वहीच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं: 'विहिरीला गोड पाणी लागते. गावभर पेढे वाटतात.' आईच्या मोबाइलवरून फोटो काढला आणि पाठवून दिला. तासाभरात तो गावभर झाला.

सोमवारी वाचनालयासमोर रांग लागली. अशी रांग आम्ही फक्त रेशनच्या दुकानापुढे बघितली होती.

पहिल्या होत्या किराणा दुकानवाल्या काकी. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण काकींचं मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. त्यांनी पुस्तक ठेवलं आणि अक्कांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "ढवळ्या, एरंडोल, गोड पाणी आणि पेढे."

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. पुस्तक बाजूला ठेवलं. "पुढचे."

"ढवळ्या. एरंडोलचा. पाणी लागतं, पेढे वाटतात."

"पुढचे."

चौथ्या माणसाने "केशरी पेढे" सांगितलं. स्वतःची भर घातली. सहाव्याने तर किती किलो तेही सांगितलं. अक्का नुसती पुस्तकं बाजूला ठेवत होत्या. मला वाटलं, काम फत्ते. मी रुमालाआड चेतनला डोळा मारला.

सातवे केळीवाले भाऊ. ते टेबलापाशी आले, खिशातून मोबाइल काढला, लांब धरून बघितला आणि अक्कांपुढेच धरला. "अक्का, हाई उत्तर बराबर शे ना? नही तर माले परत येनं पडी."

सगळी रांग एकदम छताकडे बघायला लागली.

अक्कांनी मोबाइल हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मग न वळता, त्या दूरवर ऐकू येणाऱ्या कुजबुजीत म्हणाल्या, "असा वळणदार 'र' या गावात एकच मुलगी काढते. आणि ती आत्ता पाचव्या कपाटामागे लपलीय."

मी बाहेर आले. माझ्यामागून, कुणी बोलावलं नसताना, भाग्यश्री आली. चेतनलाही यावं लागलं, कारण भाग्यश्रीने त्याचा शर्ट धरला होता.

"पेपर फोडलात त्याचं मला काही नाही," अक्का म्हणाल्या. "गावात सगळीकडे फुटतात. पण चुकीचा फोडलात!"

मला भयंकर लाज वाटली. मी म्हणाले, "अक्का, वाचनालय बंद होऊ नये म्हणून केलं आम्ही."

अक्कांनी देवघेवीची वही मिटली. मग रांगेकडे वळून म्हणाल्या, "परीक्षा रद्द. उद्यापासून रोज पाच ते आठ, ही तिघं इथे बसून पूर्ण कादंबरी मोठ्याने वाचतील. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. जो सगळे दिवस ऐकेल त्याचं पुस्तक जमा. प्रश्न नाहीत."

"आणि कूलर?" काकींनी विचारलं.

"चालू."

पहिल्या दिवशी तीस-पस्तीस माणसं आली, ती कूलरसाठीच. मी आमच्या दुकानातून खुर्च्या आणि सतरंज्या आणल्या. चेतनने वाचायला सुरुवात केली. ढवळ्या बैलाच्या शिंगांचं वर्णन अकरा पानं होतं. साडेपाचला निम्मी सभा झोपली. भाऊ तर असे घोरत होते की अक्कांनी त्यांच्या दिशेने कूलरचं तोंड फिरवलं. थंडीने जागे झाले.

चार-पाच दिवस असेच गेले. पण अर्धी कादंबरी झाली आणि विहिरीला पाणी लागलं. पेढे बिढे काही नाही. पाणी लागल्याबरोबर दोघं भाऊ भांडायला लागले, कारण विहीर नेमकी बांधावर होती. एरंडोलचा वकील आला. आणि इथून पुढची तीनशे पानं कोर्टकचेरी!

आमच्या गावात बांधाची भांडणं नाहीत असं घर नाही. सगळे ताठ बसले. दुसऱ्या दिवशी माणसं वाढली. तिसऱ्या दिवशी थोरल्या भावाच्या बाजूचे डावीकडे आणि धाकट्याच्या बाजूचे उजवीकडे बसायला लागले. काकी थोरल्याच्या पक्षात होत्या. त्या रोज दुकान मुलावर सोपवून सर्वांत आधी येऊन पुढची खुर्ची धरायच्या. केळीवाले भाऊ धाकट्याचे. झोपायचं पार विसरले. मध्येच ओरडायचे, "अरे, त्या वकीलवर इस्वास नको ठेवू!" लगेच अक्का कूलरच्या बटणाकडे हात न्यायच्या आणि भाऊ तोंडावर हात ठेवायचे.

शेवटच्या दिवशी माझी पाळी होती. दारापर्यंत माणसं बसली होती. वीस पानं उरली असताना दारात एक परका माणूस उभा राहिला. हातात फाइल, कपाळावर घाम, मागे अध्यक्ष. तपासणीचे साहेब. जळगावहून सकाळी निघून दोन वाचनालयं उरकून आले होते.

मी थांबले. अक्कांनी मला 'वाच' अशी खूण केली आणि साहेबांना 'बसा' अशी. अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला. साहेब काही बोलणार तेवढ्यात त्यांचाच मोबाइल वाजला आणि ते "हां, बोला बोला!" असं मोठ्याने म्हणाले.

सत्तर माणसांनी एकदम वळून बघितलं. अक्कांनी एक बोट उचललं आणि दाराकडे नेलं.

साहेब बाहेर गेले. मी वाचत होते, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वाटलं, गेला वर्ग, गेल्या अक्का. पाच मिनिटांनी साहेब आत आले. बूट बाहेर काढून ठेवले होते. भाऊंनी सरकून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली.

"काय चाललंय?" साहेबांनी त्यांच्या कानात विचारलं.

"निकाल शे आज," भाऊ कुजबुजले. "तुमले उशीर झाया साहेब. धाकला जिंकाले पाहिजे, पण वकील लबाड शे."

निकाल लागला. कोर्टाने विहीर अर्धी अर्धी वाटून दिली, मधोमध भिंत घालायची. भिंत घातल्यावर कुणाचीच मोट चालेना. मी शेवटचं पान वाचायला लागले, जे मी आधी वाचायला हवं होतं. एका सकाळी थोरला कुदळ घेऊन विहिरीवर गेला, तर धाकटा आधीच कुदळ घेऊन बसला होता. दोघांनी न बोलता विहीर बुजवली. वर घोंगडी अंथरली. धाकट्याने खिशातून पत्त्यांचा जोड काढला. थोरला म्हणाला, "पिस, तुझी पाळी." आणि कादंबरी संपली.

नुसता कूलरचा आवाज येत होता. काकी पदराने डोळे पुसत होत्या. डावीकडचे आणि उजवीकडचे एकमेकांकडे बघत नव्हते.

भाऊ मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, "चांगली व्हती वं विहीर."

साहेबांनी त्या दिवशी वाचक मोजले नाहीत. वहीही वरवरच चाळली. शेरेबुकात लिहिलं, 'बसावयास जागा अपुरी.' अध्यक्षांना म्हणाले, वर्गाला काही धोका नाही, पण एक अडचण आहे, पहिली पाचशेऐंशी पानं माझी राहिली. अक्कांनी सभासदाचा अर्ज पुढे केला. साहेबांनी जागच्या जागी भरला आणि कादंबरी काखेत मारून गेले.

माणसं पांगली. आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. अक्का टेबलाशी बसल्या होत्या. भाग्यश्रीने विचारलं, "अक्का, तुम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा तुम्हालाही असंच भरून आलं होतं का?"

अक्कांनी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग त्या इतक्या हळू बोलल्या की आम्हाला जवळ जावं लागलं.

"मी वाचलीच नव्हती."

चेतनच्या हातातली गुंडाळलेली सतरंजी पुन्हा उलगडली.

"पहिलं पान वाचलं होतं. शेवटचं वाचलं होतं. आणि एकदा पुस्तक हातातून पडलं तेव्हा जिथे उघडलं, तिथे तो वकील होता." त्यांनी चष्मा काढला. "आप्पा रोज यायचे ना. विचारायचे, अक्का, वाचलीत का? मी म्हणायची, वाचतेय. अडीच वर्षं वाचतेय म्हटलं. दर वेळी उघडायची, आणि त्या बैलाची शिंगं सुरू झाली की मला झोप लागायची. मग ते गेले. म्हटलं, आपल्याकडून नाही झालं, गावाकडून तरी वाचून घ्यावी. आज ऐकली पूर्ण. काय चांगली लिहिलीय हो!"

बोलता बोलता त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं. चेतन घाबरून माठाकडे पळाला. तो पाणी घेऊन आला तेव्हा आमच्या लक्षात आलं की अक्का रडत नव्हत्या, हसत होत्या. चाळीस वर्षं वाचनालयात काढल्यामुळे त्यांना हसायची सवयच बिनआवाजाची झाली होती. त्यांना बघून भाग्यश्रीला हसू आलं, मग मला, मग चेतनला. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यामुळे आम्हीही आवाज न करता हसायला लागलो. तोंडं दाबून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून धारा.

तेवढ्यात केळीवाले भाऊ दारात आले. घोड्यांचं पुस्तक न्यायचं विसरले होते. रिकाम्या वाचनालयात चार माणसं तशी बसलेली बघून ते थबकले. हळूच डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"काय झायं? कोन गयं वं?"

तेव्हा मात्र अक्कांचा आवाज फुटला. त्या टेबलावर हात आपटून, खदाखदा, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल अशा हसल्या. आणि हसता हसताच उठून त्यांनी नियमाप्रमाणे कूलर बंद केला.